गुडघ्यांची उजळणी

अपंगत्व पेन्शनच्या अपिलासाठी नाशिकला आलेल्या माजी सैनिकांच्या रांगेत छाया वडिलांची फाईल घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं; तपासणीआधी बाई नवऱ्याची उजळणी घेत होती.

"मागल्या खेपेला डॉक्टरला काय सांगितलं?"

"ठीक हाय, साहेब."

"म्हणून नामंजूर झालं. आता मी डॉक्टर. गुडघे कसे हायेत?"

"ठीक... दुखतात."

"किती?"

"जिना उतरताना डोळ्यांपुढं अंधारी येते. खाली बसलो तर उठवत नाय."

बाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चुकलं का?"

"नाय. मला कधी बोलला नाय ते?"

"तू मळा सोडून माझे गुडघे शेकत बसली असतीस."

आतून म्हाताऱ्याचं नाव पुकारलं.

"माझा हात धरून उठा."

"लोक बघतात."

"बघू दे. डॉक्टरलाबी बघू दे."