भिंतीपलीकडची टकटक

"बटण दाबतात म्हणे, आणि मग तो माणूस—" एवढंच कानावर आलं माझ्या, मॅडम, पुढचं लिफ्टच्या दारानं खाल्लं. वरच्या मजल्यावरच्या दोघी बोलत बोलत खाली गेल्या आणि मी इथं भाजीची पिशवी धरून उभी. आता अर्धं वाक्य पोटात घेऊन माणसाला झोप येते का? नाही येत. मला तर नाहीच येत. मग मी ते पुरं केलं — तिकडे तुमच्या ऑपरेशनवाल्या संस्थेत बसून ते लोक बटण दाबतात, आणि इकडे आमचे शेजारचे पेंटरभावजी थरथरायला लागतात — आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवून आले. म्हणून तर तुम्ही आत्ता लिफ्टमधून उतरलात तेव्हा दारं किलकिली झाली. बटणवाल्या बाई आल्या म्हणून. बसा ना, उभ्या का? आणि शेजारची बेल नका वाजवू पुन्हा, कुणी नाही घरात. दोघंही बाहेर गेलेत. कुठं? ते काही मला माहीत नाही — आणि या मजल्यावरचं मला माहीत नाही असं फारसं काही नसतं, त्यावरून समजा. दार उघडंच ठेवते माझं, आले की दिसतीलच. चहा टाकते. साखर चालते ना?

पुढच्या कार्यक्रमाचं विचारायला आलात म्हणा. यावेळी मोठा हॉल, हो का. मागच्या वेळी होते की मी, तिसऱ्या रांगेत. मेंदूचं प्रदर्शन, सगळ्यांना खुलं, म्हणून भावजींच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, सोबतीला नेलं होतं. तुम्ही फार छान बोलता हं, तोंडावर सांगते. नाहीतर डॉक्टर लोक बोलायला लागले की आपलाच मेंदू आपल्याला परक्याचा वाटायला लागतो. तुम्ही तो प्लॅस्टिकचा मेंदू हातात घेतलात, संत्र्यासारख्या एकेक फोडी सुट्या केल्यात — इथं खोल आत बारीक तार सोडायची, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवायची, की हाताची थरथर थांबते. कळलं मला. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला कळलं म्हणजे बघा. शेजारची एक म्हातारी तर वही काढून फोडींची चित्रं काढत होती. आणि मग तुम्ही आमच्या भावजींना वर बोलावलंत.

भावजी म्हणजे काय हात होता, तुम्ही पाहिला नाहीत तो. या अख्ख्या बाजारातल्या पाट्या त्यांच्या. पट्टी न धरता रेघ ओढायचे, शिडीवर उभं राहून, खालच्या माणसाशी गप्पा मारत. मग तो आजार आला. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. दुपारी पलंगावर पडले की हातातली अंगठी पलंगाच्या लाकडावर वाजायची — टकटक टकटक — आणि त्यांचा पलंग माझ्या याच भिंतीला टेकलेला. सवय झाली होती मला. थांबली की मीच दचकायचे.

तर स्टेजवर त्यांनी फळ्यावर गोल काढला, ताटासारखा गरगरीत. लोक खूश. मग तुम्ही वहिनींना वर घेतलंत, ते छोटं रिमोट त्यांच्या हातात दिलंत आणि माइकवर म्हणालात, दाबा, घाबरू नका, घरचं कुणीही करू शकेल इतकं सोपं आहे. वहिनींनी दाबलं, यंत्र बंद झालं. आणि हात उडायला लागला भावजींचा, खडू मोडला, फळ्यावर नुसतं कोंबडीनं उकरल्यासारखं. आणि ते रडायला लागले. बबडी, म्हणाले. बबडी, बबडी. तुम्ही लोकांना सांगितलंत, बघा, आजाराचा त्रास कसा परत येतो — आणि घाईघाईनं रिमोट घेऊन चालू केलंत. आणि हुंदका अर्ध्यातच थांबला हो. दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड ओलं झालंय अशा हातानं त्यांनी ते पुसलं, आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना आपण हात मांडीवर ठेवून बसायचं कसं?

बबडी कोण म्हणून विचारताय? घ्या. म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही कुणी. लेक त्यांची, एकुलती एक. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी गेली, साध्या तापाचं निमित्त. माझ्याच ओट्यावर बसून वाढली ती, कणकेच्या बाहुल्या करायची आणि माझ्या तव्यावर भाजायची — असो. तेव्हा हा माणूस असा रडायचा की जिन्यानं जाणाऱ्यांची पावलं हळू व्हायची. मग तुमचं ऑपरेशन झालं. हात थांबला, आणि त्याबरोबर रडणंही थांबलं. तुम्ही मान हलवताय, तारेचा आणि रडण्याचा संबंध नाही म्हणताय. नसेल. काही जणांत मनावर होतो थोडा परिणाम, पण तपासावं लागतं? तपासा मग. मी आपलं ऐकलेलं सांगते — लेकीच्या फोटोची चौकट रंगवायला घेतली त्यांनी, आणि रंगवताना शीळ घालत होते. गोड शीळ, जुन्या गाण्याची. इकडे माझ्या हातातला चमचा खाली पडला. त्या संध्याकाळी वहिनी इथं येऊन बसल्या, चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "हात परत मिळाला हो, पण माझ्याबरोबर रडायला आता घरात कुणी उरलं नाही."

काय? कसला आवाज? नळ असेल. आमच्या नळांचं काही विचारू नका — सुतार, हो, वरच्या मजल्यावर सुतार आलाय, कपाटं करतायत. बसा हो. चहा उतू जाईल, मी इकडे बघते तर तुम्ही — मॅडम, भिंतीला कान नका लावू, बरं दिसत नाही ते.

अंगठी आहे. ऐकलंत ना, मग आता काय लपवायचं. घरातच आहेत. खोटं बोलले मी. वहिनी बंद करतात ते यंत्र. रोज नाही, पण बऱ्याच दुपारी, थोडा वेळ. मला त्यांनी सांगितलेलं नाही, भिंतीनं सांगितलं. आधी टकटक, मग बबडी बबडी, मग शांत, आणि मग शीळ. तुम्हीच शिकवलंत की त्यांना, माइकवरून. आणि ती अफवाही काही पोटात राहिली नाही म्हणून नव्हती पसरवली — तिकडून दाबतात, तिकडून, असं मी मुद्दाम म्हणत गेले. लोकांनी तुमच्या संस्थेकडे बोट करावं, या दाराकडे करू नये. नवऱ्याला रडवते म्हणतील तिला. त्यांना काय कळणार?

हात काय, सगळं अंगच आखडतं बंद केल्यावर? घास अडकू शकतो, उठायला गेले तर पडू शकतात. अस्सं. हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत, टाळ्यांच्या आधी? रिमोट घरी नेताना कागद दिला होता — अहो, कागद कोण वाचतं, तुम्ही इतकं छान बोललेल्या असताना? आणि आता काय, काढून घेणार रिमोट? घ्या. पण मग त्या बाईनं कुणाजवळ रडायचं, तेही सांगून जा. भिंत माझी आहे, पण मी काही बबडीचा बाप नाही.

थांबा. लिफ्ट आली वाटतं — वहिनी? अहो, तुम्ही बाहेर? पिशवी घेऊन, आत्ता वर येताय? मग आत बटण कोण— या संस्थेतल्या मॅडम, कार्यक्रमाच्या, ओळखलंत ना. नाही, मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले. वहिनी, मला वाटलं होतं, तुम्ही दाबता.

ऐकलंत मॅडम? भावजी स्वतःच दाबतात. बटण दाबतात एवढं मात्र खरं निघालं बघा, बाकी माझं सगळं खोटं. आणि या बाहेर जातात. हिच्यासमोर त्यांना रडता येत नाही म्हणून ऊन डोक्यावर घेऊन बाजारभर फिरते ही बाई, आणि मला वाटायचं, हिला वेळेवर भाजी आणायची अक्कल नाही. अहो मॅडम, वहिनींना आता लगेच आखडण्याबिखडण्याचं नका सांगू, किल्ली काढून दाराशी उभ्या आहेत त्या. होऊ दे त्यांचं रडून, म्हणतात त्या. फिरून आल्यावरही दारातच उभ्या राहता का हो अशा? माझ्याकडे का नाही आलात, मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

शू.

थांबली. टकटक थांबली. आता शीळ येईल मॅडम, थोडा वेळ लागतो, चालू केल्यावर पाणी पितात आधी. येतेच. वहिनी, येते ना?

चहाचा गॅस बंद करा कुणीतरी, ऐकू येत नाही काही.

अजून शीळ नाही. वहिनी, किल्ली लावा.