आधी पायी

(भर दुपार. ड्रायव्हिंगची परीक्षा घेतात तो शहराबाहेरचा रस्ता. आई आणि मुलगी पायी चालताहेत.)

आई: अगं पण गाडीचा रस्ता पायी चालून मिळणार काय मला? पाय दुखायला मिळतील, दुसरं काय!

मुलगी: थांब. खाली बघ. काय दिसतं?

आई: रस्ता.

मुलगी: नीट बघ.

आई: रस्ताच गं बाई! बरं, इथे जरासा खचलाय. पलीकडे खडी सांडलीये.

मुलगी: मग? गाडीत बसून दिसलं असतं हे? आम्ही रेसच्या आदल्या दिवशी अख्खा ट्रॅक पायी चालतो. झाडून सगळे. तो चालल्याशिवाय मी स्टिअरिंगला हात लावत नाही.

आई: तुम्हाला दीडशेनं जायचं असतं. मला उद्या तीसनं जायचंय. तेही शेजारी साहेब मांडीवर कागद घेऊन बसलेले.

मुलगी: साहेबांना घाबरायचं नाही.

आई: घाबरायचं नाही म्हणे! मागच्या महिन्यात नापास झाले ती कुणामुळे?

मुलगी: आई, किती वेळा तेच तेच.

आई: बोलणारच मी. “आई, वळणाला बाहेरून यायचं, आतल्या कडेला चिकटायचं, मग परत बाहेर.” कोण म्हणालं होतं? मी आपली आज्ञाधारक. घातली गाडी अख्ख्या रस्त्यावरून आडवी. समोरून दुधाचा टेम्पो! साहेबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की माझा चष्मा मांडीत.

मुलगी: आणि वर तू त्यांना शिकवलंस.

आई: शिकवलं कुठे? ते म्हणाले, “बाई, हा रस्ता तुमच्या एकटीचा नाही.” मी म्हटलं, “साहेब, असं घेतलं की वेग मोडत नाही.” खरं तेच सांगितलं.

मुलगी: चूक माझीच होती. तुला शिकवताना मी ट्रॅकवरचं वळण शिकवलं. माझ्या डोक्यात आलंच नाही की समोरून कुणी येईल.

आई: स्वतः मात्र रस्त्यावर गोगलगाय! परवा सायकलवरचे आजोबा तुला मागे टाकून गेले, वर हात हलवून.

मुलगी: जाऊ देत ना. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, प्रत्येकाला माहीत असतं काय चाललंय. इथे कोण कुठून येईल, नेम नाही. मला खरी भीती रस्त्याचीच वाटते. बरं, हा खांब लक्षात ठेव. इथे ब्रेकवर पाय. वळणाच्या आधी. वळणात नाही.

आई: खांब, ब्रेक. पुढे?

मुलगी: पुढे आपली बाजू सोडायची नाही. कडेची पांढरी रेघ धरून राहायचं, वेग मोडला तरी.

आई: मोडू दे मेला. मला काय बक्षीस घ्यायचंय? तुझं सगळं उफराटंच बघ. मुलगी रेसमध्ये गाडी चालवते म्हटलं की लोकांना वाटतं घरात वादळच असेल. घरी येऊन बघावं तर बाईसाहेब मोजे विणताहेत.

मुलगी: विणलं की हात शांत राहतात. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या की बोटं थरथरतात माझी.

आई: आणि जेवणाच्या टेबलावर तीन रेडिओ पोट फाडून पडलेत, ते?

मुलगी: दोन. तिसरा वाजतो.

आई: खरखरतो. त्याला वाजणं म्हणत नाहीत. आणि रेसच्या दिवशी सकाळी खुर्चीत डोळे मिटून ते हातवारे! पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन धावले होते मी. म्हटलं, पोरीला झटका आला.

मुलगी: अगं, मनात ट्रॅक चालवत होते. घड्याळ लावून. वळण न् वळण.

आई: माहितीये आता. मीही करते.

मुलगी: काय करतेस?

आई: ताट धरून. ओट्यासमोर उभी राहते, डोळे मिटते आणि निघते. काल शेजारीण साखर मागायला आली आणि दारातच थिजली. म्हटलं, या, बसा, तिसरा गिअर टाकून येतेच.

मुलगी: आई! काय म्हणाल्या त्या?

आई: साखर न घेताच गेल्या. हसतेस काय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. उद्या दहाला नंबर आहे.

मुलगी: एवढा जीव टांगणीला कशाला लावायचा? नाही झालीस पास तर नाही. मावशीकडे जाता यावं म्हणून शिकायला लागलीस ना? मावशी तर गेल्या वर्षी मागच्याच गल्लीत राहायला आली. चपला घातल्या की पोचलीस.

आई: चल पुढे.

मुलगी: खरंच विचारतेय. लायसन्स हवंय कशाला तुला?

आई: तुला सांगितलं ना, गुरुवारी दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते.

मुलगी: त्याचं काय?

आई: नव्हते गेले. बसनं तुमच्या ट्रॅकवर गेले होते. फाटकापासून हॉस्पिटलपर्यंत पायी चालून आले. साडेतीन किलोमीटर. मध्ये दोन सिग्नल आणि एक पूल. पूल उतरलं की खड्डा आहे मोठा, डावीकडून घ्यावा लागतो. हॉस्पिटलची पाटी झाडामागे लपलीये. घाईत असलं की माणूस सरळ पुढे जाईल.

मुलगी: आई.

आई: दोन वर्षं झाली तुझ्या अपघाताला. अकरा वाजता फोन आला. तुझे बाबा असते तर त्यांच्या गाडीनं तास लागला असता. मी टॅक्सीला फोन केला, नाही मिळाली. शेजारी गावाला गेलेले. दोन बस बदलून पोचले तेव्हा चार वाजत आले होते. तुझ्या खांद्याचं ऑपरेशनसुद्धा उरकलेलं.

मुलगी: मला काही आठवत नाही गं त्यातलं.

आई: मला आठवतं. हॉस्पिटलवाल्यांनी कागद दाखवला. ऑपरेशनला परवानगी दिल्याची सही. नातं लिहायच्या जागी लिहिलं होतं, मेकॅनिक. चांगला मुलगा आहे, माझ्यासाठी चहासुद्धा घेऊन आला. पण मी घरी येऊन तीन दिवस त्या एका शब्दावर रडले. माझी पोर आत, आणि नात्याच्या जागी मेकॅनिक.

मुलगी: मग तेव्हाच का नाही म्हणालीस, सोड म्हणून? मला वाटायचं, तुला हे पटतच नाही म्हणून तू कधी बघायला येत नाहीस.

आई: येत नाही, कारण बघवत नाही. रविवारी मी कपाटं आवरते. घरात एकही कपाट उरलं नाही आता.

मुलगी: मी सोडते, आई. खरंच. पुढच्या रविवारची शेवटची.

आई: वेडी आहेस का? ट्रॅकवरून आलीस की आठ दिवस गाणं म्हणत रेडिओ उघडतेस. ते बंद झालेलं मला चालायचं नाही. तू चालव. मला फक्त कुणाची वाट बघत आपल्या घराच्या फाटकात उभं राहायचं नाही परत. फोन आला की मी निघाले पाहिजे, बस्स.

मुलगी: हे आधी सांगितलं असतंस तर...

आई: तर तू शिकवताना रडली असतीस, आणि मी पुन्हा नापास. डोळे पूस बघू, रस्त्यात माणसं बघताहेत. हं, हे पुढचं वळण. इथेही आपली बाजू सोडायची नाही ना?

मुलगी: नाही. आणि उद्या पास झालीस की रविवारी तूच गाडी घेऊन यायचं. आत येऊ नकोस, बाहेर बस. पण ये.

आई: येईन.

मुलगी: आणि नाहीच झालीस पास तर?

आई: तर पुन्हा फॉर्म भरीन. पण तोवर तू जरा जपून चालव.