हमीदाताईंसाठी झाकून ठेवलेली खिचडी

जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि पुढे बसलेले हुसेनभाई,

मला भाषण येत नाही. वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत मी चहा करायची, त्याचा खर्च लिहायची आणि मागच्या बाकावर बसून ऐकायची. बोलायच्या त्या हमीदाताई. आज त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून त्यांच्याविषयीच बोलायचं. कसं बोलू?

मुसलमान घरांतल्या जगण्यावरची पुस्तकं वाचून त्यावर बोलायचं, असं वाचनालयानं ठरवलं, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली होती. मीही बिचकत आले. पहिल्याच दिवशी मी हमीदाताईंना म्हटलं, "आप इधर बैठिए." त्या बसल्या आणि म्हणाल्या, "बसते हो. पण वहिनी, मी चिपळूणची. तुमचं हिंदी ऐकून मलाच घाम फुटला!"

त्यांचे यजमान हुसेनभाई, त्यांच्या जहाजाच्या कामामुळे त्या पार शहराच्या टोकाला, बंदराकडच्या गार्डन रीचला राहायच्या. तिथून बस बदलत यायच्या. शहरात गडबड असली तरी यायच्या.

आणि तो रमजानातला शनिवार. माझी नेमकी एकादशी होती. हमीदाताईंचा रोजा आहे हे कळल्यावर मी म्हटलं, आज चहाबरोबर बिस्किटं नकोत, बाईंचा उपवास आहे. मी साबुदाण्याची खिचडी केली. दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं. माझा हात सढळ सुटतो कधी, ते आमच्या ह्यांना विचारा! भर दुपारी बशी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "घ्या ना. उपवासाचंच आहे, चालतं."

त्या बशीकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आमच्यात सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारण त्या दिवशीच्या पुस्तकात रोजाच होता. आम्ही सगळ्या तो वाचून आलो होतो. वाचून आलो, आणि तरी उपवास म्हटल्यावर डोळ्यांपुढे आला तो साबुदाणा!

मी बशी मागे घेऊ लागले. त्यांनी माझा हात धरला. "नेऊ नका. झाकून ठेवा. मावळतीला हीच खाईन." मग हळूच म्हणाल्या, "बटाटा चालतो, दाणे चालतात, तूप चालतं. वहिनी, तुमच्या देवानं तुम्हाला फार लाडावून ठेवलंय!" सगळ्या हसलो. मी म्हटलं, "मग आज आम्हीही थांबतो."

थांबलो. त्या दिवशी वीज गेली, खिडकीतला उजेड कमी होत गेला, आणि कुणी घरी जाईना. सूर्य मावळल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतला खजूर सोडला. एकेक आम्हालाही दिला. माझ्या एकादशीला खजूर चालतो, म्हणून मीही खाल्ला. खिचडीचा गार गोळा झाला होता. त्यांनी तो चवीनं खाल्ला.

तेव्हापासून रमजानात आपल्या बैठकीत मावळतीआधी चहा होत नाही. कुणी ठराव केला नाही. कुणी मोडलाही नाही.

माझी पूजा, माझे उपास जसेच्या तसे आहेत. हमीदाताईंनी त्यातलं काही काढून घेतलं नाही. उलट आता एकादशीला देवापुढे बसते, तेव्हा पाणीही न घेता बसलेली माणसं मला आठवतात. माझ्या देवघराची खिडकी त्यांनी उघडून दिली. हमीदाताई, हे उपकार मी विसरणार नाही.

मघाशी दारात कुणीतरी म्हणालं, "आता बैठक बंदच पडायची." हुसेनभाई, तुम्ही आज त्यांच्याकडचं पुस्तक परत आणलंत. खूण अर्ध्यावर आहे. त्या दर वेळी विचारायच्या, "पुढचं कोण वाचतंय?" आणि मी चहाच्या कपांकडे पळायची.

आता आपण सारे उभे राहू. दोन मिनिटं, ज्याला जशी प्रार्थना येते तशी, मनातल्या मनात. मग मात्र घाईनं चपला शोधू नका. खाली बसा.

पुढचं मी वाचणार आहे.