गोदूला वळखायचं कसं?

सन अठ्ठावन्नमध्ये पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मी उरणच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एकाच मिठागरात कामाला असलेल्या दोन बायका बसल्या होत्या, ठमाबाई आणि गंगाबाई. गंगाबाईने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे बोलण्यावरून कळलं.

“गंगे, मेल्यावर आत्मा कुठं जातो? तुमचे भंतेजी काय सांगतात?”

“आत्माच नाय, सांगतात. आपन ‘मी’ म्हनून धरून बसतो, ते ज्योतीवानी सारखं बदलत असतं.”

“आमचे महाराज देवळात सांगतात, सगळ्यांत आत्मा एकच हाय. मेल्यावर त्यातच मिळायचं.”

“म्हंजे दोन्हीकडं ‘मी’ सुटायचाच.”

“माझा सुटू दे गो. पन माझी गोदू चैतात गेली. सगळंच एक झालं, तर मी लेकीला वळखू कशी?”

“महाराजांना इचारलंस?”

“धीर नाय झाला. तुमच्यात काय सांगतील?”

“मला नाय ठाव. पुनवेला भंतेजी आमच्या वस्तीत येनार हायेत. तूच इचार.”

“मला बसू देतील?”

“का नाय देनार? मला पन तुझ्या महाराजांना इचारायचं हाय. आत्मा एकच, तर हा ‘मी’ आला कुठून? पन देवळात मला कोन घेनार?”

गाडी लागली, तशी ठमाबाई उठली.

“मी महाराजांनाच बाहेर बोलावते, पायरीखाली.”

“ते उतरतील?”

“सगळ्यांत एकच हाय, असं तेच सांगतात. मग उतरायला काय हरकत?”