गब्रूची कणीक

किमया : काकू, हाकलू नका ना गब्रूला! आवाज कमी करते. हे म्युझिक खास कुत्र्यांसाठीच केलंय, ऐकून शांत होतात म्हणे. आमच्या क्लायंटकडच्या बाईंनी मुद्दाम मेल केलं.

सारजाबाई : अगं, कुत्र्याला कुटं गाणं कळतंया? ते बघ, उठला. गेला परत पखवाजापाशी.

किमया : काकांचं वाजवणं कळायचं की. मी वरची खोली बघायला आले, तेव्हा भाडं राहिलं बाजूला, आधी गब्रूचंच कौतुक! म्हणाले, असा श्रोता अख्ख्या सूस गावात नाही. शेवटची थाप पडेपर्यंत हलत नाही.

सारजाबाई : शेवटची थाप पडली की कणीक मिळायची त्याला.

किमया : कणीक?

सारजाबाई : पखवाजाच्या डाव्या तोंडाला वली कणीक थापत्यात, तवा कुटं आवाज घुमतो. वाजवून झालं की खरवडायची. ह्ये ती गब्रूला चारायचे. त्याच्यासाठी बसायचं ते. नऊ वरसं बघतीया मी.

किमया : काकांना हे माहीत होतं?

सारजाबाई : मीच सांगितलं की. चार पावण्यांत. ह्ये आपले गब्रूचं कौतिक सांगत बसलेले, अन् समदी हसाया लागली. मला ह्यांचाच आला राग. म्हनलं, तुमचं वाजवणं ऐकाया मानूस फिरकत न्हाई, अन् कुत्रं येतं ते कणकेला.

किमया : अरे देवा.

सारजाबाई : देवळातलं भजन बंद पडल्यापास्नं ह्यांना ऐकाया दुसरं व्हतं कोण, सांग. तवाच उठले. पखवाजाला गवसणी घातली, ती घातलीच. महिन्यानं सकाळी चहा पिता पिता गेले.

किमया : बोलण्यानं कुणी जात नाही हो काकू. डॉक्टरांनी हार्टचं आधीच सांगितलं होतं.

सारजाबाई : ठावं हाय मला. पन मान खाली घालून गेले गं.

किमया : आणि परातीत ही कणीक कशाला मळलीय?

सारजाबाई : तेरावं झालं तरी गब्रू भाकरीला तोंड लावंना. म्हनलं, कणीक तरी खाईल. काल गोळा म्होरं ठिवला. हुंगला अन् सारला बाजूला. आज परत मळली, तीबी तशीच.

किमया : म्हणजे काकांचंच खरं होतं.

सारजाबाई : व्हय. त्यो ऐकतच व्हता. नऊ वरसं शेजारी बसून मला कळलं न्हाई. आता कळलं, तर सांगू कुणाला?

(किमया लॅपटॉप बंद करते.)

किमया : गवसणी काढू?

सारजाबाई : काढ. अन् परात सरकव हिकडं.

किमया : तुम्हाला वाजवता येतं?

सारजाबाई : कणीक तर थापता येती. धर घट्ट. हां. आता एक थाप... दुसरी...

किमया : काकू, कान टवकारले! बघा, मान उचलली त्यानं!

सारजाबाई : माझ्याकडं न्हाई गं. दाराकडं बघतोय.