झऱ्यापलीकडचं अस्वल

मी मूळची मिरजेची. वडील रेल्वेत होते, घरात आम्ही बहिणीबहिणीच, आणि वडिलांचं एकच म्हणणं, आधी हाताला काम, मग लग्न. म्हणून मी नर्सिंग केलं. ह्यांचं स्थळ सांगलीचं, म्हणजे अगदी शेजारचं, पण हे तेव्हाच इकडं इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामाला लागलेले, तेव्हा शेजारचं स्थळ करून पोरगी समुद्रापार गेली असं माझी आई सगळ्यांना सांगायची. मीही इथंच लागले, हाडांच्या वॉर्डात, आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. एकच मुलगी, केतकी, इथंच जन्मली, लंडनला एजवेअरमध्ये असते, वीकेंडला येते. तिचं मराठी तुम्ही ऐकलंत की मघाशी, बसा, चहा होते म्हणाली. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. बोलते हेच पुष्कळ.

आता ह्यांचं वेड कुठून सुरू झालं म्हणाल तर आमच्या मागच्या बागेतून. कोल्हा यायचा संध्याकाळी, आणि हे कामावरून आले की कपडे न बदलता खिडकीत उभे. मग न्यू फॉरेस्टच्या जंगलात बॅजर, ते रात्री बिळातून निघणारं पट्ट्यांचं जनावर, बघायला जायला लागले, मग स्कॉटलंडला पाणमांजरं. इथं पक्षी बघणारे पुष्कळ असतात, ह्यांना पक्षी नको, अंगावर केस असलेलं जनावर पाहिजे, तेही सहसा कुणाला न दिसणारं. आणि नजर चांगली होती हो ह्यांची. फिल्मवरच्या करड्यातला करडा ओळखायची सवय, त्यामुळं सगळे झाडीकडं बघत बसायचे आणि हे बोट दाखवून म्हणायचे, तिथं, फांदीच्या खाली. आणि असायचं तिथं. त्यामुळं ह्यांनी काही दिसतंय म्हणलं की लोक विश्वास ठेवायचे. हे मी एवढं का सांगतेय ते कळेल तुम्हाला पुढं.

रिटायर झाल्यावर हे वाळवंटांच्या मागं लागले. मी विचारलं, अहो, वाळवंटच का, तर म्हणाले, जिथं काहीच नाही असं लोक म्हणतात तिथं जे जगतं ते बघायचंय मला. मंगोलियात गोबीच्या वाळवंटात एक अस्वल आहे, मझालाय म्हणतात त्याला, अगदी थोडी उरलीयत जगात. चारी बाजूंना दगडधोंडा आणि मध्ये कुठंतरी एखादा झरा, त्या झऱ्यांच्या जोरावर ती अस्वलं तगून आहेत. ते बघायला जायचं ठरलं. मी म्हणलं मीही येते. खरं तर मला अस्वलाचं काही नव्हतं. पण मला ह्यांना एकट्याला सोडावंसं वाटेना, आणि का वाटेना ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

म्हणजे बघा, बारीकसारीक गोष्टी होत्या. झोपेत लाथा झाडायचे, ओरडायचे, ते बरीच वर्षं होतं, मी वेगळ्या खोलीत झोपायचे आणि मैत्रिणींना हसून सांगायचे. फोडणी करपली तरी ह्यांना वास यायचा नाही. चालणं जरा आखडलेलं, आवाज बारीक झालेला. वय झालं म्हणायचं, दुसरं काय. विमानात मात्र एक झालं. पायावरच्या घडी केलेल्या ब्लँकेटवर हात फिरवत होते, मांजराला फिरवतात तसा. मी काय म्हणून विचारलं तर दचकून हात काढून घेतला, काही नाही म्हणाले.

आमचा ग्रुप लहान होता. नेणारा मार्टिन म्हणून एक इंग्लिश माणूस, हेलन म्हणून एक रिटायर झालेली शिक्षिका, आम्ही दोघं, आणि तिथला रेंजर गानबात, तोच गाडी चालवायचा. गानबातला इंग्लिश येत नव्हतं, मार्टिनला त्याची भाषा येत होती. दिवसभर गाडी चालली तरी एक घर दिसलं नाही. काळे डोंगर, नुसता दगड, आणि वारा, तो कानाशी सतत कुणीतरी कुजबुजल्यासारखा. झऱ्याजवळ पोचलो तर पाण्याच्या कडेला रानगाढव मरून पडलेलं, पोट आत गेलेलं. हेलननं तोंड फिरवलं. गानबात बराच वेळ त्या पाण्याकडं बघत उभा राहिला आणि मार्टिनला काहीतरी म्हणाला. मी विचारलं तेव्हा मार्टिन म्हणाला, तो म्हणतो पाणी आटलंय, इतकं खाली गेलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

झऱ्यासमोरच्या खडकामागं बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. पहिल्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, लव्हाळ्यामागं बघ, अस्वल, आणि बरोबर पिल्लू आहे. सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडं वळल्या. कुणाला दिसेना. मार्टिन म्हणाला, प्रभाकर, कुठं नक्की, आणि हे इतकं नीट सांगत होते, आता पाणी पितंय, आता मान वर केली, कानाजवळ पांढरं आहे. मार्टिन खूश. संध्याकाळी परत तेच. ह्यांना दिसलं, आम्हाला नाही.

मग गानबात खाली उतरून माग काढायला गेला. लव्हाळ्याभोवती वाकून वाकून फिरला, वर आला, आणि मार्टिनशी बोलला. मार्टिनचा चेहरा बदललेला मी बघितला. तो म्हणाला, गाढवांच्या खुणा आहेत, उंटांच्या आहेत, अस्वलाची एकही नाही, नवी नाही आणि जुनीही नाही. हे हसले, म्हणाले, he must have missed them. त्यानंतर गानबात ह्यांच्या नजरेला नजर देईना. इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण आपल्या माणसाकडं नर्स म्हणून बघायला मन तयार होत नाही, काय सांगू तुम्हाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ पिवळं पडलं. आधी पिवळं, मग विटकरी. गानबातनं तंबूंचे दोर घट्ट केले आणि सांगितलं की कुणीही बाहेर पडायचं नाही. हे कॉटवर बसले होते, बुटांकडं बघत. म्हणाले, आई जायला निघालीय, सुलभा, पण पिल्लू मागं राहिलंय. मी म्हणलं, अहो, वाऱ्यात कोण जातं बाहेर, पडा जरा. मी हेलनच्या तंबूत पाणी द्यायला गेले, म्हणजे शेजारीच, आणि परत आले तर कॉट रिकामी. दुर्बीण तिथंच उशीवर ठेवलेली. ती दुर्बीण बघितली आणि मी मार्टिनला ओरडून बोलावलं. हा माणूस कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी दुर्बीण गळ्यात घालून जायचा.

बाहेर हात लांब केला तर हात दिसत नव्हता. मार्टिन आणि गानबात एकमेकांना दोर बांधून गेले आणि मला म्हणाले तू इथंच थांब, तू ओरडत राहा, तो आवाजावर येईल. मी ओरडत राहिले. आम्ही ना, नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही अशा घरातली माणसं. मी त्या वाळूत उभी राहून प्रभाकर, प्रभाकर म्हणून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या, तोंडात वाळू जात होती, आणि वारा ते नाव माझ्या ओठावरूनच उचलून नेत होता. ते दोघं हात हलवत परत आले. वारा पडेपर्यंत आता काही करता येणार नाही म्हणाले. हेलन माझा हात धरून बसली. तिनं धीराचा एक शब्द काढला नाही, फार बरं वाटलं मला त्याचं.

वारा पडला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि सगळीकडं इतकी शांतता की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गानबातला हे दिसले. खडकाच्या आडोशाला बसलेले, अंगावर नुसता शर्ट, भुवया वाळूनं पांढऱ्या झालेल्या. जॅकेट काढून समोर कशावर तरी पांघरलेलं. मी धावत गेले तर ह्यांनी ओठावर बोट ठेवलं. हळू, म्हणाले, आत्ताच झोपलंय.

जॅकेटखाली काय होतं, दगड. बाहीखालून दिसत होता मला. नुसता एक गोल दगड.

मार्टिन माझ्यामागं उभा होता, तो काहीतरी बोलायला गेला, मी हातानं थांबवलं. मी ह्यांच्याजवळ बसले. थरथरत होते हो, ओठ फुटलेले. मी म्हणलं, त्याची आई आलीय, ती बघा तिकडं थांबलीय, आपण इथं असलो तर ती जवळ येणार नाही. हे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे तुझं. आणि उठले. त्यांना उठवून घेऊन जाताना मी मागं बघितलं, गानबात ते जॅकेट उचलत होता, आणि अगदी सावकाश उचलत होता, खालचं काही जागं होऊ नये तसं.

तिथून तडक निघायचं ठरलं, पण पाणी भरून घ्यायला झऱ्यावर थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ. आणि गानबातनं एकदम गाडीचं इंजिन बंद केलं. समोरून अस्वल येत होतं. खरं. सगळ्यांना दिसलं. हडकलेलं, फासळ्या मोजाव्यात असं, एकटंच, पिल्लूबिल्लू काही नाही. झऱ्याकाठच्या चिखलाशी आलं, वास घेतला, पायानं उकरलं. हेलन रडत होती. मी म्हणलं, अहो, बघा, बघा ना. ह्यांनी दुर्बीण लावली. कुठं, म्हणाले. मी त्यांची मान धरून वळवली. कुठं आहे. अस्वल पाण्याजवळून निघून त्या काळ्या डोंगराकडं चालायला लागलं तरी हे शोधत होते. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाले, हो, दिसलं, छान आहे. एवढा संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर, हे खोटं कधी बोलतात ते मला कळतं.

इथं आल्यावर तपासण्या झाल्या. लेवी बॉडी म्हणून एक प्रकार असतो डिमेन्शियाचा, त्यात दिसतं माणसांना, नसलेलं दिसतं. जनावरं तर पुष्कळांना दिसतात म्हणे. ते झोपेत लाथा झाडणं, वास न येणं, तेही त्यातलंच निघालं. केतकी आधी वाद घालायची, बाबा, there's nothing there, आणि हे कावरेबावरे व्हायचे. मग तिलाच रडू यायचं. आता ती विचारते, बाबा, आज कोण आला, आणि हे सांगतात.

सुरुवातीला सगळी गरीब जनावरं होती. सोफ्यावर ससे, बागेत हरणं. हे खूश असायचे, मीही म्हणायचे चला, घरबसल्या बघतायत. हिवाळ्यापासून बदललंय. आता एक काहीतरी येतं. जनावर आहे का विचारलं तर नाही. माणूस आहे का, नाही. ते नेहमी माझ्या मागं उभं असतं. मी भाजी चिरत असते आणि हे त्या खुर्चीतून हळूच म्हणतात, सुलभा, हलू नकोस. आणि मी हलत नाही. मागं भिंत आहे, फ्रीज आहे, मला माहीत आहे. तरी मान वळवायची हिंमत होत नाही बघा, सुरी हातात तशीच धरून उभी राहते, ह्यांचे डोळे निवळेपर्यंत. परवा विचारलं, त्याला पाहिजे तरी काय. म्हणाले, वाट बघतंय. कुणाची, म्हणलं. तर माझ्याकडं नीट बघितलं, अगदी अदबीनं, आणि म्हणाले, बाई, तुम्ही कोण.

मी म्हणलं, मी इथंच असते. बरं, म्हणाले.

आता चहा संपवा. तुमच्या खुर्चीच्या मागं बघतायत हे, तिकडं लक्ष देऊ नका, वळूही नका, होतं ठीक. मी आहे. धडधाकट आहे, झोप लागते, केतकी येते, आणखी काय पाहिजे. तुम्ही उजेड आहे तोवर निघा. आणि घरी पोचलात की तुमच्या माणसांनी तुम्हाला नावानं हाक मारावी, आज, उद्या, शेवटपर्यंत, एवढंच मागते मी तुमच्यासाठी.