उतारावर अर्धी टाकी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, कारखान्यातले माझे सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि ज्यांना निवृत्त करण्याचं पाप आज आपण करतो आहोत त्या संगणक विभागाच्या आमच्या मॅडम, सर्वांना नमस्कार.

मी चाचणी विभागातला ड्रायव्हर. नवा ट्रॅक्टर आधी मॅडमच्या स्क्रीनवर धावतो, मग माझ्या हातात येतो. हा क्रम आम्हा ड्रायव्हरांना फारसा रुचत नसे, हे त्या जाणतात. हसताहेत बघा!

तो पाठीवर औषधाच्या पाण्याची टाकी घेणारा फवारणीचा ट्रॅक्टर आठवतो ना? उतारावर वळवून आम्ही पास केला होता. अगदी ठणठणीत! आणि मॅडमच्या स्क्रीनवर तोच दर खेपेला कोलांटी खात होता. आमच्या चाचणी विभागाचे साहेब वैतागले. "मॅडम, खरा उभा आहे आणि चित्रातला पडतोय. मी विश्वास कुणावर ठेवू?"

"खऱ्यावर तुम्ही काय लादलं होतं?" मॅडमनी विचारलं.

काय लादणार? टाकीऐवजी तेवढ्याच वजनाचं लोखंड बांधायचं, ही आमची पूर्वापार पद्धत. पण लोखंड जागचं हलत नाही. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं, सगळं एका अंगाला धावतं. मॅडमनी ते हिंदकळणं गणितात धरलं होतं.

साहेबांनी फर्मान काढलं, खरी टाकी लावा, अर्धी भरा, पुन्हा चालवा. मी चढायला निघालो, तर मॅडम आडव्या आल्या.

"सीटवर कुणी बसणार नाही. दुरून चालवा."

"त्याचं उपकरण मागवण्यात आठवडा जाईल!" साहेब म्हणाले.

"जाऊ दे," म्हणाल्या, आणि ट्रॅक्टरची किल्ली मुठीत घेऊन सरळ आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

आठवड्याने रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर उतारावर वळला आणि स्क्रीनवर पडायचा तसाच, त्याच अंगावर पडला. स्टिअरिंग मातीत रुतलं. आज त्या टाकीत पाणी अडवणारे आडवे पत्रे आहेत, चाकांमधलं अंतर वाढलंय, ट्रॅक्टर झोकात चालतोय. मॅडमच्या हाताखालून आलेले ट्रॅक्टर मी चालवले, हे मी छाती फुगवून सांगतो.

ती सीट माझी होती. घरी मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला पुन्हा कामावर येऊ दिलं असतं का? आमची ही समोरच बसली आहे. तिला हे आत्ताच कळतंय.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुठे कमीजास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. घरी गेल्यावर जे ऐकावं लागेल ते मी मुकाट्याने ऐकेन. ते ऐकायला मी आहे, मॅडम, याबद्दल तुमचे आभार.